शेवटच्या कडव्यातलं नाव

ते सहीचं गाणं तुमच्याही फोनवर आलंच असन. नसन आलं तं तुम्ही कुठी राह्यता बाप्पा! लग्नात वाजते, जयंतीत वाजते, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोट्ट्या निळ्या साड्या नेसून त्यावर नाचतात. 'माह्या मायनं केली सही, बाई, मायनं केली सही.' गाण्याखाली लिहिलेलं असते, गीतकार इंद्रभानदादा. ते वाचलं की माह्यं डोकं सणकते. मी प्रेमानंद. त्या गाण्यावर पहिली ढोलकी माह्यी. गाणं विमलबाईचं हाय, अक्षरन् अक्षर तिचं, अन् हे डोळ्यानं पायलेली, कानानं ऐकलेली दोनच माणसं आज जिती हायेत. एक ती स्वतः अन् एक मी.

तिची गोष्ट सांगतो. मधात शिव्या येतील, त्या खपवून घ्या. त्यातल्या काही मलेच हायेत.

मोताळ्याहून आठ किलोमीटरवर आमचं गाव. विमल इथी सून म्हणून आली तेव्हा अठरा-एकोणीसची असन. माहेर सुलतानपूरचं, लोणार तालुक्यातलं. तिकडची बोली जालन्याकडं झुकते, म्हणून ही 'मला-तुला' म्हणे अन् आमच्या बाया तोंडाले पदर लावून हसत. 'पुण्याची आली वं!' म्हणत. खऱ्या पुणेवाल्यानं तिची बोली ऐकली असती तं तोही हसला असता, तिले हसणारे दोन्हीकडं. नवरा रंगराव, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. माणूस वाईट नाही. बायकोले गायचं हाय म्हटल्यावर त्यानं एकच अट घातली. भाकरी टाकून जाय, मग कुठीबी बोंबल.

इंद्रभानदादाची गायन पार्टी तेव्हा जोरात होती. पेटीवर दादा, ढोलकीवर मी, मांगं कोरसले चार जण. जळगाव जामोदपासून मेहकरपर्यंत बोलावणी येत. दादाचा आवाज असा की माइक बंद पडला तरी कार्यक्रम थांबत नसे. पण गाणी? दादानं स्वतः जोडलेली गाणी चारच. बाकी सारी इकडून तिकडून ऐकलेली. त्याले गाता येई, जोडता येत नसे, अन् हे त्याले माहीत होतं. मेलेल्या माणसाबद्दल खोटं कायले बोलू, दिलाचा मोठा होता. आमच्या भागात बाया पार्टीत बसत नसत तेव्हा त्यानं विमलले पेटी शिकवली, बाजूले बसवलं. लोक म्हणाले, दादा, दुसऱ्याच्या सुनेले स्टेजवर आणता? दादानं सांगतलं, ज्याले लाज वाटते त्यानं घरी बसावं.

आता आमच्यातली एक रीत सांगाव लागते, नाहीतं पुढचं समजणार नाही. गाणं जो जोडते तो शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवते. कागद हरवते, वही फाटते, पण गाणाऱ्याच्या तोंडी नाव राह्यते. लोकं गाणं कोणाचं हे त्यावरूनच ओळखतात. अन् शिकाऊ माणसानं पहिलं गाणं जोडलं तं त्यात स्वतःचं नाव टाकायचं नाही, गुरूचं टाकायचं. एका गाण्यापुरतं. दुसऱ्या गाण्यापासून आपलं.

विमलनं पहिल्या गाण्यात दादाचं नाव टाकलं. दुसऱ्यातही टाकलं. तिसऱ्यात टाकलं तेव्हा मी म्हटलं, "अवं बाई, फिटलं ना आता!"

तं म्हणे, "भाऊ, माझ्या हातात पेटी दिली त्यांनी. ते काय एका गाण्यात फिटतं?"

दादानंही एकदा विषय काढला. मी तिथीच होतो, त्याच्या ओसरीवर चहा पिऊन राह्यलो होतो. "विमल, आता तुह्यं नाव टाकत जाय," दादा म्हणाला. ती लाजली, नको म्हणाली. दादानं पुन्हा म्हटलं नाही. आता तुम्हीच सांगा, ओसरीवर म्हटलं तसं एखाद्या दिवशी माइकवर म्हटलं असतं तं काय जीभ झडली असती? हजार माणसं समोर बसलेली असत. शेवटचं कडवं आलं की 'वा दादा, वा!' होई, अन् दादा हात जोडून मान झुकवे. बाजूले विमल पेटीचा भाता हलवत बसलेली. मोठ्या दिलाच्या माणसालेही टाळी सोडवत नाही.

विमल आमच्या शाळेत खिचडी शिजवते. तिचं गाणं जोडणं तिथीच चाले. सकाळी चूल पेटवली, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी ठेवलं की कलथ्यानं गंजावर ठेका धरे अन् ओठातल्या ओठात ओळी फिरवे. खिचडी शिजेपर्यंत एक कडवं, पोट्टे जेवून भांडी घासून होईस्तोवर दुसरं. लिहायले तिथी टाइम कुठी! डोक्शात धरून ठेवे अन् घरी गेल्यावर लिहे. वह्या पोट्ट्यांच्याच, जुन्या, मांगची पानं कोरी राह्यलेल्या. समोर सातचा पाढा, मांगं गाणं. गाणं मात्र ती आमच्या बोलीत जोडे. म्हणे, ऐकणारे इथले, तर बोली इथलीच पाहिजे. कापूस वेचणाऱ्या बायांच्या फाटलेल्या बोटांवर गाणं, एसटीत उभ्यानं जाणाऱ्या म्हातारीवर गाणं, नवऱ्याच्या ट्रॅक्टरवरही एक गाणं. त्यात ट्रॅक्टरले सवत म्हटलं होतं. रंगराव आठ दिवस बोलला नाही.

सहीचं गाणं आठ-नऊ वर्षांमांगचं. मी तेव्हा शाळेची भिंत रंगवून राह्यलो होतो. ढोलकीवर कोणाचं पोट भरते? चुलीपासून तिनं आवाज देला, "भाऊ, ऐका जरा."

तिच्या मायची गोष्ट होती. माय सुलतानपूरले प्रौढांच्या वर्गात जाऊन नाव लिहायले शिकली, अन् साठाव्या वर्षी रेशनच्या दुकानात अंगठ्याऐवजी सही करायले बसली. मांगं रांग खोळंबली. दुकानदार म्हणाला, आजी, अंगठाच बरा, लवकर होतो. माय म्हणाली, थांब रे बाबा, अजून तीन अक्षरं राहिलीत. विमलनं ते सारं गाण्यात घेतलं होतं, रांग, दुकानदार, तीन अक्षरं.

माह्या मायनं केली सही, बाई, मायनं केली सही,
निळ्या शाईचा अंगठा तिचा आता लागत नाही.

ब्रश हातात तसाच, रंग पॅन्टीवर गळून राह्यला. मग आलं शेवटचं कडवं.

इंद्रभान म्हणे, लेकीबाळींनो, नाव आपलं लिहा,
ज्याचं त्यानं लिहून नाव डोळे भरून पाहा.

पाहा बरं आता! लोकाले सांगते नाव आपलं लिहा, अन् स्वतः नाव लिहिते इंद्रभानचं! मी भडकलोच. "बाई, तुह्या मायचं गाणं हाय हे! निदान यात तरी!"

ती म्हणाली, "विमल तिथं बसत नाही भाऊ, कमी पडतं."

कमी कायले पडते? मी भिंतीवरच ठेका धरला अन् म्हणून दाखवलं, 'विमल म्हणे गं लेकीबाळींनो.' चपखल बसलं. तिनंही एकदा म्हणून पायलं, हळूच, चुलीकडं तोंड करून. चेहरा असा फुलला की काय सांगू. मग मान हलवली. "राहू द्या. दादा आजारी आहेत. त्यांना बरं वाटेल."

दादाले बरं वाटलं. घसा गेला होता त्याचा, गाता येत नसे. ती गाये अन् तो व्यासपीठावर खुर्चीत बसून राहे. पार्टी ती चालवे, गाणी तिची, गळा तिचा, अन् बॅनरवर दादाचा फोटो. मग कोरोना आला, सारंच बंद पडलं. ते सरल्यावर जळगाव जामोदले कार्यक्रम होता. तिथल्या एका पोट्टीनं सहीचं गाणं फोनवर धरलं अन् सोडून देलं. आठ दिवसात ते नागपूर-औरंगाबादपर्यंत पोचलं. त्या हिवाळ्यात दादा गेला. मातीले इतकी माणसं आली की गावात उभं राहाले जागा नव्हती. सारे म्हणत, सहीच्या गाण्याचा शाहीर गेला. विमल स्वतः रडून राह्यली होती, ती कोणाले दुरुस्त करन?

दादाचा पोरगा अश्वजित बुलडाण्याले ऑफिसात नोकरीले. हुशार, शांत, कपड्याले इस्त्री. पार्टीत कधी बसला नाही. बाप गेल्यावर त्यानं बापाच्या नावानं यूट्यूबवर चॅनल काढलं, सारी जुनी रेकॉर्डिंग जमवली, गाण्यांचं पुस्तक छापायले देलं. एकसष्ट गाणी. त्यातली चार दादाची, बाकी विमलची. इकडं विमलच्या पोरीनं, डिंपलनं, आईच्या नावाचं छोटंसं चॅनल सुरू केलं होतं. एक दिवस त्यावरचं सहीचं गाणं गायब. यूट्यूबनं कळवलं काय, तं हे गाणं दुसऱ्याच्या, म्हणजे अश्वजितच्या चॅनलच्या, मालकीचं हाय.

विमल वह्यांची पिशवी घेऊन बुलडाण्याले गेली. मी संगं होतो. अश्वजितनं पाया पडून बसवलं, बायकोले चहा टाकायले सांगतलं.

"आत्या, तुम्ही घरच्या आहा," तो म्हणाला. "पण शेवटच्या कडव्यात नाव कोणाचं हाय?"

"दादांचं. मीच टाकलं ते."

"असं कोण करते आत्या? आपण जोडायचं अन् इतक्या गाण्यांत दुसऱ्याचं नाव टाकायचं? तुम्हीच सांगा, कोणी मानन का?"

तिनं वह्या समोर ठेवल्या. त्यानं एकेक उघडून पायली, आदरानं पायली. "अक्षर तुमचं हाय, मान्य. बाबाची नजर कमी होती. बाबा सांगत अन् तुम्ही लिहून घेत. पुस्तकात तुमचे आभार मानले हायेत आत्या, मोठ्या अक्षरात."

चोर असता तं आईमाईवरून शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण त्याले खरंच तसं वाटत होतं. जन्मापासून त्यानं प्रत्येक गाण्यात बापाचं नाव ऐकलं होतं. त्याच्यावर ओरडावं तरी काय म्हणून? मी चहा पेलो अन् कप खाली ठेवला. तेव्हा बोलायले पाहिजे होतं, हे मले बसमध्ये बसल्यावर सुचलं.

दादाच्या पहिल्या स्मृतिदिनाले मोताळ्यात कार्यक्रम ठरला, त्यातच पुस्तकाचं प्रकाशन. विमलले सहीचं गाणं म्हणायले बोलावलं. आदल्या दिवशी ती माह्या घरी आली. बसलीही नाही, दारातच उभी.

"भाऊ, उद्या मी माझं नाव टाकणार आहे."

"टाक! वीस वर्षं झाली बोंबलून राह्यलो!"

"लोक विचारतील. माझं कोणी ऐकणार नाही. तुम्ही फक्त खरं सांगा, बस. तुमच्यासमोर झालंय ते गाणं."

"सांगतो ना! छातीठोक सांगतो. प्रेमानंदाले काय कोणाच्या बापाची भीती हाय?"

ती हसली. हलकी होऊन गेली. मले आठवते, जाता जाता तिनं माह्या बायकोसंगं कैरीच्या लोणच्याच्या गोष्टीही केल्या.

सकाळी अकराले हॉल गच्च भरला. बाया जास्त, पोरीबाळी घेऊन आलेल्या. अश्वजितनं मले स्टेजवर बोलावलं, खांद्यावर शाल टाकली, पुस्तक हातात देलं. दुसऱ्या पानावर माहा फोटो! खाली छापलेलं, 'दादांचे आजन्म सोबती, ढोलकीसम्राट प्रेमानंद.' सम्राट! जन्म गेला लोकाच्या मांगं बसून वाजवण्यात, सत्काराच्या यादीत माह्यं नाव कधी आलं नव्हतं. सूत्रसंचालकानं 'सम्राट' म्हटलं तेव्हा टाळ्या झाल्या. खोटं कायले बोलू, मले लय गोड लागलं ते. शाल काढून ढोलकी घ्यायची असते, मी शालीवरच ढोलकी घेतली.

विमल गायली. अशी गायली की दुकानदाराच्या कडव्याले बाया डोळे पुसून राह्यल्या होत्या. मग शेवटचं कडवं. तिनं एक श्वास घेतला.

विमल म्हणे गं लेकीबाळींनो, नाव आपलं लिहा...

पुढची ओळ ऐकूच आली नाही. समोरच्या रांगेतल्या एक मास्तरीणबाई उभ्या राह्यल्या. "बाई, दादांचं नाव काऊन काढलं?" मग मांगून एकीचा आवाज, मग चार जणींचे, मग माणसांचे. "वारून वर्षच झालं अन् नाव खोडता?" "चोरी हाय ही!" त्या बाया वाईट नव्हत्या. ते गाणं म्हणून म्हणून त्यांनी आपल्या मायबहिणींले सही शिकवली होती. त्यांच्या लेखी ही बाई मेलेल्या माणसाच्या ताटातलं उचलून राह्यली होती. ज्यांच्यासाठी जोडलं त्याच तिले चोर म्हणून राह्यल्या होत्या, अन् गाणं तिचं होतं हो! तिच्या मायचं होतं!

अश्वजितनं हात वर करून सारे शांत केले. माइक माह्याजवळ आणला. "काका, तुम्ही पहिल्यापासून आहा. हे गाणं कोणाचं, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

विमल माह्याकडं पाहून राह्यली होती. घाबरलेली नव्हती बिलकुल. मी सांगणारच हे तिनं धरून घेतलं होतं.

समोर पाचशे माणसं. दादाचा हार घातलेला फोटो. खांद्यावर शाल. मनात आलं, विमलचं म्हटलं तं दादाच्या स्मृतिदिनाले दादाले खोटं पाडलं असं होईन. अन् 'सम्राट' छापलेलं ते पानही आलं मनात, ते लपवत नाही.

मी म्हटलं, "गाणं पार्टीचं हाय. इंद्रभानदादाच्या पार्टीचं."

टाळ्या! अशा टाळ्या मले जन्मात भेटल्या नाहीत. विमलनं पेटीचा भाता बंद केला, आकडी लावली अन् पायऱ्या उतरून गेली.

स्टॅण्डवर ती बसची वाट पाहत बसलेली सापडली. मी शाल पिशवीत कोंबून गेलो होतो. तीच म्हणाली, "बसा भाऊ. गाडीला अर्धा तास आहे." मग म्हणाली, "तुम्ही खोटं नाही बोललात. पार्टीचंच होतं ते." तिनं माह्या मुस्काटात मारायले पाहिजे होती. आमच्यात अशा बाया हायेत ज्यांनी मारली असती. तिनं तं उलट मलेच सुटायले वाट करून देली.

त्यानंतर तिनं गाणं जोडलं नाही. मी मुद्दाम शाळेवरून जातो. गंज तोच, चूल तीच, कलथा नुसता खिचडी हलवते. सव्वीस जानेवारीले पोट्ट्यांनी सहीच्या गाण्यावर नाच बसवला. 'इंद्रभान म्हणे' आलं तेव्हा ती त्यांच्यासाठी जिलेबी वाटीत काढून राह्यली होती.

महिना-दीड महिना मी तळमळत काढला. मग एका दुपारी तिच्या घरी गेलो अन् डिंपलले म्हटलं, "काढ फोन. मले सारं खरं सांगायचं हाय." विमल नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. भिंत, ब्रश, चूल, कडवं, सारं सांगतलं. स्टेजवर घाबरलो हेही सांगतलं. डिंपलनं ते चॅनलवर टाकलं.

दोन दिवसांत हजारो लोकांनी पायलं. मी म्हटलं, जमलं! डिंपलनं खालचं वाचून दाखवायले सुरुवात केली अन् मधातच थांबली. मी फोन हिसकून घेतला. 'स्टेजवर एक, घरात एक, कोणतं खरं म्हाताऱ्या?' 'बाईनं फितवला वाटते.' 'दादाच्या जिवावर सम्राट झाला अन् दादावरच उलटला.' एकानं माह्या मायवरून लिहिलं होतं. विमलले शिव्या कमीच होत्या, बहुतेक मलेच. मध्येच एका पोट्टीनं लिहिलं होतं, 'काका, मला विश्वास आहे, गाणं बाईंचंच.' ते एक वाचून मले जरा हायसं वाटलं होतं.

विमल शाळेतून आली. तिनं पोरीकडून सारं वाचून घेतलं, एकेक. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "काढून टाक ते."

डिंपल म्हणाली, "आई, हा एकच पुरावा हाय आपल्याजवळ! काका पुन्हा बोलतील, न बोलतील."

"असू दे. भाऊंच्या नावावर लोक थुंकतात, मला नाही पाहवत. काढ."

डिंपलनं फोन हातात धरून माह्याकडं पायलं. वाट पायली तिनं. 'राहू दे, देऊ दे शिव्या,' एवढंच म्हणायचं होतं मले. मी चष्मा काढला अन् सदऱ्यानं काचा पुसत बसलो. पोरीनं व्हिडिओ काढून टाकला.